जुन्या ओढ्याची जागा

कोळसदरा, ता. शिरूर कासार
४ सप्टेंबर २०२५

ती. सुग्रीव मामांना,
विजयमालाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोन केला की प्रविणदादा उचलतो, तुमच्या कानाशी ओरडतो आणि तुम्ही आपले 'बरं बरं' म्हणता. मागच्या वेळी म्हैस व्याली म्हणून सांगितलं, तर तुम्ही 'डॉक्टरला दाखवा' म्हणालात. तेव्हाच ठरवलं, आता मामांना लिहायचं. दहावीपर्यंत शिकले त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

बातमी आनंदाची आहे. आपला तलाव भरला. परवापासून सांडव्यावरून पाणी चाललंय. सगळं गाव बघायला गेलं होतं. तुम्ही चौकीदार होता तेव्हासुद्धा तो असा दोनदाच भरलेला, असं आमच्या सासूबाई, आत्याबाई, सांगतात. आमच्या ह्यांनी त्याच दिवशी टोळीच्या मुकादमाला सांगून टाकलं, "यंदा आमचा कोयता धरू नका." अकरा वर्षं दिवाळी झाली की आम्ही ऊस तोडायला निघतो. आमची रोहिणी आता सातवीत आहे, आणि एकही वर्ष तिनं एका शाळेत सलग काढलेलं नाही. यंदा कांदा लावू, गहू करू, घरीच राहू.

आणखी एक. आपल्या वावरात, अगदी धरणाच्या पायथ्याला, झरा लागलाय! आधी नुसती ओल होती, आता करंगळीएवढं पाणी उमळतंय. आत्याबाईंनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. हे तिथं खड्डा घेतायत. म्हणतात, मोटार टाकली की पाटाच्या पाळीची वाटच बघायला नको.

तुमचे कान कसे आहेत? मशीन लावता का नुसतंच डबीत ठेवता?

तुमची,
विजू


चाकण
१० सप्टेंबर

चि. विजूस मामाचा आशीर्वाद.

पत्र आजच आलं. जावईबापूंना सांग, खड्डा आत्ताच्या आत्ता थांबवा. एक कुदळ मारू नका. तो झरा न्हाई. धरणातलं पाणी मातीतून वाट काढतंय.

आता सांगतो तसं कर. स्टीलचा तांब्या नको, काचेचा गिलास घे. उमळतं पाणी त्यात भर आन् अर्धा तास ठेव. खाली गाळ बसला का, बघ. पाणी निवळ असलं तर एवढी भीती न्हाई. मातीचं धरण हाय, थोडं पाझरतंच. पण गढूळ आलं तर पाणी आतली माती घेऊन यायलंय असं समज. धरण आतून पोकळ व्हायला लागतं.

ओल जिथवर हाय तिथं भोवतीनं खुट्या ठोक. रोज बघ, ओल खुट्याच्या भायेर जाती का. खड्ड्यात माती टाकून दाबू नका, लई लोक हीच चूक करतात. आधी बारीक वाळू, तिच्यावर खडी, मग दगड. पाणी यिऊ द्यायचं, माती यिऊ द्यायची न्हाई.

जागा जुन्या ओढ्याचीच हाय ना? पाटाला पाणी सोडायच्या मोरीकडची न्हाई, दुसऱ्या अंगाची, निंबापासून वीसेक पावलांवर?

आन् वावरातल्या शेडात निजत असाल तर गावातल्या घरी जावा. रोहिणीला तर तिकडं फिरकू दिऊ नको.

कान तसेच. मशीन शिट्ट्या मारतं.

सुग्रीव


कोळसदरा
१८ सप्टेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून दाखवलं तर हे हसले. "मामाला चाकणला करमंना, तिथून चौकीदारी करायलेत," म्हणाले. तोवर खड्डा मांडीइतका झाला होता. मी गिलास भरला. पाणी आरशासारखं होतं. मलाही वाटलं, मामा म्हातारपणी उगाच घाबरतात. राग मानू नका, वाटलं ते लिहिते.

चौथ्या दिवशी गिलासात चहासारखं पाणी आलं. खाली बोटाच्या पेरभर गाळ बसला. खुट्या चारही बाजूंनी ओलीच्या आत गेल्यात. आता हे हसत नाहीत. परवापासून आम्ही दोघं वाळूच्या पाट्या टाकतोय. पण वाळू आणायची कुठून? घर बांधायला ठेवलेली होती ती संपली.

मी मोहनरावांकडे गेले होते. सरपंचकी आता त्यांच्या सुनेच्या नावावर आहे, पण बोलायचं त्यांच्याशीच. त्यांची मोसंबीची बाग पाटाच्या शेवटाला. मी म्हणाले, मोरी उघडून पाणी थोडं खाली घेऊ या. ते म्हणाले, "पोरी, सात वर्षांनी भरलंय. पाणी सोडायचं नाव पुन्हा काढू नको." पाटबंधारे कार्यालयातला माणूस आला होता. गाडी वर धरणाच्या पाळूवर उभी करून खाली बघितलं आणि म्हणाला, मातीचं धरण आहे, पाझरणारच. खाली उतरला नाही.

आता खरं सांगते मामा. पाणी जाऊ नये असं मलाही वाटतं. मोहनरावांनी नाही म्हटलं तेव्हा आतून मला बरंच वाटलं. पाणी गेलं की कोयता आलाच. पाचटाच्या कोपीत आणखी सहा महिने, आणि रोहिणीची शाळा पुन्हा अर्धी. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

आणि एक विचारायचंय. मी नुसतं धरणाचा पायथा असं लिहिलं होतं. आपलं वावर पायथ्यानं चांगलं दोनशे पावलं पसरलंय. जुन्या ओढ्याची जागा, निंबापासून वीस पावलं, हे तुम्हाला कसं कळलं? मी मोजलं. एकवीस भरली.

विजू


चाकण
२१ सप्टेंबर

चि. विजू,

हे पत्र टपालात टाकीत न्हाई. तुझ्या हातात दीन. तोंडानं मला सांगता यायचं न्हाई, आन् तू काय बोलशील ते ऐकू यायचं न्हाई.

पाणी गढूळ झाल्याचं वाचलं आन् प्रविणला जावईबापूंना फोन लावायला सांगितला. वावरात कुणी थांबू नका, एवढंच त्याला बोलायला लावलं. बाकीचं पोराच्या तोंडून सांगायचं धाडस झालं न्हाई. त्यालाबी ठाऊक न्हाई.

धरण बांधलं अठ्ठ्याण्णव साली. त्या कामावर मजुरांचा मुकादम मीच होतो. धरणाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, तोच पाणी अडवतो. वरून मुरूम असतो तो नुसता अंगरखा. दोन्ही बाजूंचं काम रीतसर झालं. मधी ओढा तेवढा ऱ्हायला होता, तो शेवटाला बुजवायचा होता. तवर काळी माती संपली. चांगली माती चार कोस लांब, आन् आभाळ आलेलं. ठेकेदार म्हणला, चार दिवसांत ओढा बुजवा. आमी मुरूम टाकला. नुसता मुरूम. वरून काळ्या मातीचा हात फिरवला आन् साहेबाला दाखवलं. पंचनाम्यावर मुकादम म्हणून माझी सही हाय. म्हैनाभरानं चौकीदाराची नोकरी लागली. ती कावून लागली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सव्वीस वर्षं मी त्या जागंवर चाललो. दोनदा तलाव भरला, दोन्ही टायमाला ओल आली. मी एकटाच वाळू टाकत ऱ्हायलो, कुणाला बोललो न्हाई. तवा पाणी आठ-पंधरा दिवसांत उतरलं, निभावलं. कान गेले, तुझी मामी गेली, प्रविण इकडं घेऊन आला. जागंवर बघणारं कुणी ऱ्हायलं न्हाई.

आन् त्याच धरणाखालच्या घरात मी तुला दिली. स्थळ चांगलं होतं, जमीन होती. तुझी आई म्हणली, दादा, तुझ्या नजरंसमोर ऱ्हाईल. मी हो म्हणलो. मनात आलतं, न्हाई असं न्हाई. पण काय सांगून मोडणार होतो?

उद्या सकाळच्या एसटीनं निघतो. बीडला उतरून शिरूरची गाडी धरतो. गावाला गोळा कर. सगळ्यांसमोर सांगतो. नंतर तुला जे वाटंल ते वाटू दे.

सुग्रीव


कोळसदरा
१२ ऑक्टोबर

मामा,

तुम्ही कुणाला न सांगता पहाटेच्या गाडीनं परत गेलात. आत्याबाई डबा घेऊन स्टँडपर्यंत धावल्या. तोवर गाडी गेलेली.

त्या दिवशी पाळूवर तुम्ही बोललात ते सगळ्यांनी ऐकलं. पण लोक काय बोलत होते ते तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघत होतात. म्हणून हे लिहिते. तुमचा तेवढा हक्क आहे.

तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मोहनराव शेजारच्याला म्हणाले, "बहिरा झाला व्हता, आता येडाबी झाला." काहीजण हसले. तुम्ही मुरमाचं सांगितलं तसं हसणं थांबलं. आपल्या वस्तीतला सटवा ओरडला, "सव्वीस वर्षं पगार खाल्ला बे, आन् आज सांगतो?" तो तुमच्या अंगावर येत होता. तुम्हाला वाटलं असेल, काहीतरी विचारायला पुढे येतोय, कारण तुम्ही त्याच्याकडे कान केलात. तो तिथंच थांबला.

मग कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं ऐकून भरलं तळं सोडायचं का? सगळे एकदम बोलायला लागले. तुम्हाला त्यातलं काहीच कळेना, म्हणून तुम्ही खाली उतरलात. आम्हाला वाटलं, अपमान झाला, निघालात. तुम्ही त्या खड्ड्यात आडवे झालात आणि उमळत्या पाण्यात हात घातलात. खांद्यापर्यंत हात आत गेला मामा. आम्ही वरून बघत होतो. मग तुम्ही मोहनरावांकडे बघून मोठ्यानं म्हणालात, "मालक, माझा इश्वास धरू नका. या, हात घाला."

ते उतरले. पांढरे कपडे घालूनच उतरले. घड्याळ काढून सटवाच्या हातात दिलं. कोपरापर्यंत हात गेला तसा त्यांचा चेहरा बदलला. आतली माती बोटांखालून निसटते म्हणाले. उठले आणि म्हणाले, "जेसीबी आणा. माझ्या बंगल्याची वाळू हाय ती सगळी इथं वता."

त्याच वेळी आत्याबाई बोलल्या. आयुष्यात पुरुषांसमोर त्या बोललेल्या मी पाहिल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी सोडा. ऊस तोडायला आमी आणखी एक साल जाऊ. खाली चाळीस घरं हायेत." मला लाज वाटली. हे मी म्हणायला हवं होतं.

मोरीचा दरवाजा गंजलेला होता. सहाजण चक्राला लोंबकळले तेव्हा कुठे हलला. सांडव्याचं तोंड जेसीबीनं तीन फूट खाली घेतलं, ते तुमच्यासमोरच झालं. नंतरचं तुम्हाला माहीत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

पाणी नुसतं वाहून जातंय हे यांना बघवेना. पाट किती वर्षांत कुणी साफ केलेला नव्हता. यांनी आणि सटवानं पोरं गोळा केली, बायका आल्या, दोन दिवसांत पाटातली बाभळं आणि गाळ काढला. प्रत्येकाच्या विहिरीकडे चर काढले. सोडलेलं पाणी विहिरींत उतरलं. आपली खालची विहीर, जिच्यात रोहिणीनं कधी पाणी बघितलं नव्हतं, तिच्यात परसभर, माणूस बुडेल एवढं पाणी आलं.

मग सत्तावीस तारखेला पावसानं धरलं ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत सोडलं नाही. शिरूरकडचे रस्ते बंद झाले. आमच्या वस्तीतली सगळी घरं उठून शाळेत आलो होतो. उजाडल्यावर हे, मोहनराव आणि सटवा धरणावर गेले. जुन्या ओढ्याच्या जागी धरणाचा खालचा उतार खचला होता, बैलगाडी मावेल एवढा. माती आपल्या वावरात आली होती. पण पाणी कापलेल्या सांडव्यावरून जात होतं, खचलेल्या जागेच्या कितीतरी खाली होतं. धरण राहिलं. सांडवा कापला नसता तर पाणी थेट त्या खचलेल्या जागेला लागलं असतं. सटवानं धरणाला हात जोडले आणि चाकणकडे तोंड केलं. चाकण कोणत्या दिशेला आहे ते त्याला ठाऊक नाही, बीडकडं तोंड केलं होतं.

वाळू-खडी टाकलेल्या जागेतून आता निवळ पाणी येतं. मी रोज गिलास भरते.

तलावात पाणी निम्मं उरलंय. कांदा नाही लावता येणार. पण विहिरीवर ज्वारी आणि हरभरा होईल. आम्ही ऊसतोडीला जात नाही. गावातली एकोणीस जोडपी जात नाहीत.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. लग्न झाल्यापासून चौदा वर्षं, ऊसतोडीचे महिने सोडले तर, मी त्या मुरमाच्या खाली निजले. रोहिणीला तिथं पाळण्यात झोपवलं. तुम्ही संक्रांतीला यायचात, तिला मांडीवर घ्यायचात आणि संध्याकाळी एकटेच धरणाकडे चक्कर मारायला जायचात. आम्हाला वाटायचं, मामांना कामाची किती काळजी.

एवढंच लिहिते.

विजयमाला


चाकण
२२ ऑक्टोबर

चि. विजयमालास,

तुझं पत्र वसुबारसेला मिळालं. सटवा काय बोलला ते कळलं. बरोबरच बोलला.

मी कार्यालयाला लिहून दिलं. कोणत्या साली, किती लांबीत, किती खोल मुरूम टाकला, समदं. खाली सही केली. प्रविण चिडला. म्हणला, आता पेन्शन बंद करतील, ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढवतील. मी त्याला म्हणलो, चढीन. दोन दिवस बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी स्वतःच पोस्टात जाऊन रजिस्टर करून आला.

तू पत्राच्या शेवटाला पूर्ण नाव लिहिलंस. मी वळखलं. तुला वाटत असंल तर मी लिहायचं बंद करतो. तसं कळव. काहीच कळवलं न्हाईस तरी मला समजंल.

उतार खचला तिथं पावसाळ्याआधी नुसती माती लोटून बुजवू दिऊ नका. आतून उकरून काळी माती बसवली तरच उपेग हाय.

सुग्रीव


कोळसदरा
३ फेब्रुवारी २०२६

ती. मामांना नमस्कार.

तीन महिने लिहिलं नाही. तुम्ही समजला असाल. प्रविणदादाला मी दर पंधरा दिवसांनी फोन करून तुमची तब्येत विचारत होते, हे त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल. मीच सांगू नको म्हटलं होतं.

आता ज्यासाठी लिहिते ते. कार्यालयात नवीन इंजिनिअर मॅडम आल्यात, सुनिता नाव आहे. वयानं माझ्याहून लहान. परवा आल्या, बूट काढून वावरात उतरल्या आणि खचलेल्या जागेवर अर्धा दिवस बसून होत्या. त्यांच्याकडे धरणाचा जुना नकाशा आहे. नकाशात या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी मातीच दाखवलेली आहे. तुम्ही लिहून दिलेला कागदही त्यांनी आणला होता. दुरुस्ती मंजूर झालीय. पाणी आणखी उतरलं की ओढ्याची जागा उकरून खालच्या खडकापासून काळी माती भरणार आहेत. पण मुरूम कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आधी कळायला हवं. अंदाजानं उकरलं तर चांगला गाभाही फुटेल.

त्यांनी विचारलं, "त्या कामावरचं कुणी आज हयात आहे का?"

मोहनराव माझ्याकडे बघायला लागले. हेही बघायला लागले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे मामा आहेत. ते दाखवतील."

बोलून गेल्यावर माझ्याच लक्षात आलं, इतके दिवस घरात तुमचा विषय निघाला की मी 'ते चाकणचे' म्हणायचे.

राग गेला असं मी लिहिणार नाही. कधीमधी रोहिणी अभ्यास करत बसलेली दिसते आणि तो एकदम उठतो. पण रोहिणी अभ्यास करत बसलेली दिसते, हेही खरं आहे. दोन्ही आहे. तुम्ही आलात तर दोन्ही घेऊन राहू.

सटवा म्हणाला, स्टँडवर मोटारसायकल घेऊन तो येतो. त्याला तुमच्याशी बोलायचंय. मी त्याला सांगितलं, बोलायचं असेल तर आधी लिहायला शीक. तो म्हणाला, हातानं सांगीन.

सोळा तारखेला मॅडम मापं घ्यायला येणार आहेत. पंधराला निघा. ज्वारी कापणीला आलीय. आत्याबाईंनी तुमच्या नावाची खाट बाहेर काढून उन्हात टाकलीय, ढेकणं मारतायत. आमच्या घरीच उतरा.

वाट बघते.

तुमची,
विजू